अर्ध्या मिलिमीटरची रेघ

मामा साताऱ्याचे. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला शिल्प निदेशक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. मी पुण्यात एका ई-लर्निंग कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर आहे. म्हणजे शिकवण्याचे आराखडे करते, शिकवत नाही. हा फरक मामांनी मला नोकरी लागली त्याच आठवड्यात ऐकवला होता आणि तो अजून बोचतो.

गेल्या महिन्यात एका कारखान्याच्या नव्या अप्रेंटिसना मायक्रोमीटर शिकवायचं मॉड्यूल माझ्याकडे आलं. आमच्या धंद्यात आधी टास्क अ‍ॅनालिसिस करतात. जाणत्या माणसाला गाठायचं, त्याच्याकडून काम पायऱ्यापायऱ्यांनी सोडवून घ्यायचं आणि मग पायरीगणिक धडा लिहायचा. जाणता माणूस घरातलाच होता. मामांनी फोनवर सांगितलेल्या अकरा पायऱ्या मी उतरवून घेतल्या, बेचाळीस पानांचा स्टोरीबोर्ड केला आणि रविवारी तो दाखवायला साताऱ्याला गेले. चहा झाला. मामांनी चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि तिथंच थांबले. पुढचं बोलणं झालं तसं देते. फक्त मामींनी मध्ये मध्ये जेवायला बोलावलं ते वगळलंय.

मामा : हे काय? अर्धं निळं, अर्धं केशरी. कलिंगड आहे का?

मी : मेंदू आहे, मामा. क्लायंटला ‘ब्रेन-बेस्ड लर्निंग’ हवंय. मेंदू जसा शिकतो तसं शिकवायचं.

मामा : आणि आम्ही इतकी वर्षं काय गुडघ्याला शिकवत होतो?

मी : तसं नाही. १९८३ साली लेस्ली हार्ट नावाच्या अमेरिकन लेखकानं हा विचार पुस्तकातून मांडला. शाळा मेंदूच्या चालीनं चालत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. पुढे १९९१ मध्ये केन दांपत्यानं त्याची बारा तत्त्वं केली. भीतीनं शिकणं आखडतं, मेंदू सुट्या तुकड्यांपेक्षा अर्थ शोधतो, आधीच्या अनुभवाला जोडलं की नवं टिकतं, अशी.

मामा : यातलं मला नवं काय? ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे डीएडच्या पोरींना पहिल्या महिन्यात पाठ असतं. हर्बार्टची पंचपदी दीडशे वर्षांपूर्वीची. बरं, पान दोन. “तुमचा डावा मेंदू आकडेमोड करतो, उजवा मेंदू चित्रं पाहतो.” पान तीन. “तुम्ही बघून शिकणारे, ऐकून शिकणारे की करून शिकणारे?” अगं, मायक्रोमीटर ऐकून कसा शिकतात ते मला दाखव. मी कान लावून बसतो.

मी : ती दोन पानं काढते.

मामा : एवढ्यात हरलीस?

मी : ती चूकच आहे. शिकण्याच्या या ‘शैलीं’प्रमाणे शिकवलं की जास्त शिकता येतं याला पुरेसा आधार नाही, हे २००८ साली पाश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास तपासून सांगितलं. डाव्या-उजव्याचंही तेच. २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांपुढे मेंदूबद्दलच्या अशा पंधरा भाकडकथा ठेवल्या, तर सरासरी जवळजवळ निम्म्या त्यांना खऱ्या वाटल्या. आणि गंमत म्हणजे मेंदूची सर्वसाधारण माहिती ज्यांना जास्त, त्यांचा भाकडकथांवरही विश्वास जास्त.

मामा : अर्धवट वैद्य. मग हे कलिंगड पहिल्या पानावर कशाला?

मी : क्लायंटला आवडतं.

मामा : हे खरं बोललीस. आता माझं ऐक. कामाचं पृथक्करण कामातून निघतं, डोक्यातून नाही. आमच्याकडे जॉबचा एक तक्ता असायचा. डावीकडं पायरी, उजवीकडं त्या पायरीतली खुबी. पायरी म्हणजे काम पुढं सरकतं ती जागा. खुबी म्हणजे जिच्यावाचून जॉब बिघडतो, हात कापतो किंवा काम सोपं होत नाही, ती गोष्ट. बस. दोन रकाने.

मी : तो तक्ता दुसऱ्या महायुद्धातला आहे, माहितीय? अमेरिकेत कारखान्यांतले कसबी कामगार सैन्यात गेले आणि नवख्यांना झटपट तयार करायची वेळ आली. तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची सरकारी योजना निघाली. तिथल्या वर्गात विजेच्या वायरची एक गाठ शिकवायचे. आधी नुसती तोंडानं सांगायची, कुणालाच जमायची नाही. मग न बोलता करून दाखवायची, तरी जमायची नाही. मग पायरी आणि खुबी सांगत सांगत दाखवायची, की जमायची.

मामा : मग? ती गाठ शिकवायला मेंदूचं चित्र लागलं होतं का? कामगाराला आलं नाही, तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही असं समजायचं, ही शिस्त त्यातलीच. आम्ही ती पाळली. तुझ्या अकरा पायऱ्या त्याच तक्त्यातून आल्यात. बरोबर आहेत की नाहीत?

मी : बरोबर आहेत.

मामा : मग शीक त्यांच्यावरून.

ते आत गेले आणि लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत तेलाचा वास लागलेलं फडकं, फडक्यात मायक्रोमीटर, शून्य ते पंचवीसचा. नाल वाकवावी तशी चौकट. एका टोकाला पक्कं तोंड, ते अ‍ॅन्व्हिल. समोरून सरकत येतो तो स्पिंडल. उजवीकडं खुणांची नळी, ती स्लीव्ह. नळीवर फिरणारं टोपण, ते थिंबल. शेवटी टकटक वाजणारं रॅचेट. मामांनी माझ्या खिशातलं पेन काढून माझ्याच हातात दिलं आणि म्हणाले, मोज.

मी माझ्या अकरा पायऱ्यांनी गेले. दोन्ही तोंडं पुसली. बंद करून शून्य बघितलं. पेन मध्ये सरळ धरलं. रॅचेटची टकटक तीनदा ऐकली. लॉक केलं. स्लीव्हवरचे पूर्ण मिलिमीटर नऊ. अर्ध्याची रेघ बघितली. थिंबल अठ्ठावीस. बेरीज केली. शून्य बरोबर होतं, म्हणून दुरुस्ती नाही. वहीत लिहिलं, ९.२८.

मामा : झालं?

मी : नऊ पूर्णांक अठ्ठावीस.

मामांनी टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून पेनाला आडवी लावली. पेन जवळजवळ दहा मिलिमीटर होतं.

मामा : नऊच्या आसपासचं पेन पट्टीवर दहाला कसं टेकलं?

मी पुन्हा बघितलं. स्लीव्हवरच्या आडव्या, म्हणजे डेटम रेषेच्या खाली, नऊच्या पुढं, अर्ध्या मिलिमीटरची बारीक रेघ थिंबलच्या कडेबाहेर आलेली होती. थिंबलचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, म्हणून त्यावर पन्नास भाग. रेघ उघडी असेल तर दुसरा फेरा चालू आहे. माप ९.७८ होतं. सातवी पायरी मी स्वतः टाइप केली होती : “अर्ध्या मिलिमीटरची रेघ दिसते का ते पाहा.” मी पाहिलं होतं. मला दिसली नव्हती.

मामा : आता सांग. पायरी चुकली का?

मी : पायरी होती, मामा. शिकणं नव्हतं. आणि उलट प्रश्न : तुम्ही पट्टी का लावलीत?

मामा : अंदाज घ्यायला. त्यात काय? मायक्रोमीटर हातात घेण्याआधी जॉब साधारण केवढा आहे हे बघायचंच असतं. पट्टी नाही तर नजरेनं. अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथंच पकडली जाते.

मी : हे तुम्ही फोनवर सांगितलंत का?

मामा : (थोडं थांबून) नाही.

मी : का नाही?

मामा : ती पायरी आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. डोळा आपोआप करतो.

मी : माझं म्हणणं आहे ते एवढंच. रिचर्ड क्लार्क नावाचे संशोधक जाणत्यांकडून काम सोडवून घ्यायचं शास्त्र करतात. त्यांचं म्हणणं, तज्ज्ञ आपलं काम सांगताना घेतलेल्या निर्णयांतले पुष्कळसे गाळतो, काही अभ्यासांत तर सत्तर टक्क्यांपर्यंत. तो लपवत नसतो. वर्षानुवर्षं केलेलं काम अंगवळणी पडतं आणि अंगवळणी पडलेलं शब्दांच्या हाताला लागत नाही. म्हणून तुमचा तक्ता बघण्यातूनच निघतो, पण बघायचं जाणत्याकडं की नवख्याकडं, हा प्रश्न आहे. तुमचे दोन रकाने जॉबला काय लागतं ते सांगतात. शिकणाऱ्याला त्या क्षणी डोक्यात काय काय धरावं लागतं, ते सांगत नाहीत.

मामा : धरायचंय काय? नऊ, अर्धा, अठ्ठावीस. तीन आकडे.

मी : मोजू या. डाव्या हातात चौकट. पेन तिरपं झालं तर माप फसतं, म्हणून ते सरळ आहे का याकडं लक्ष. टकटक किती वेळा झाली. नऊ ध्यानात ठेवायचे. रेघ आहे की नाही याचा निवाडा. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटर नव्हे, शून्य पूर्णांक अठ्ठावीस, हे भाषांतर. मग तोंडी बेरीज. आणि समोर मामा. १९५६ साली जॉर्ज मिलर म्हणाला होता, माणूस एका वेळी सातच्या आसपास गोष्टी धरू शकतो. २००१ मध्ये नेल्सन कोवाननं हिशेब कडक केला, नव्या आणि सुट्या गोष्टी असतील तर चारच्या आसपास. नववी-दहावीतून आलेल्या पोराचं भांडं सातव्या पायरीच्या आधीच भरलेलं असतं. मग काय सांडतं? सगळ्यात बारीक असतं ते. रेघ.

मामा : हं. पण हे तू कवटी उघडून बघितलंस का?

मी : नाही, आणि हा आक्षेप माझ्या धंद्यातल्या शहाण्यांनीही घेतलाय. १९९७ मध्ये जॉन ब्रुअरनं लिहिलं की मज्जापेशींपासून थेट वर्गापर्यंत पूल बांधू नका, तो पेलणार नाही. मधला खांब मानसशास्त्राचा आहे. आत्ता सांगितलं ते सगळं त्या मधल्या खांबावरचं आहे. कुणी मेंदूचे फोटो काढून चार हा आकडा काढलेला नाही.

मामा : म्हणजे ‘मेंदू’ हे नाव, आतला माल जुना मानसशास्त्राचा.

मी : बराचसा.

मामा : मग मालाचं बोलू. तुला काय करायचंय? अकरा पायऱ्यांच्या बावीस?

मी : उलट. ज्या पायऱ्या पोराला न शिकवता जमतात त्या एका दमात घ्यायच्या. पुसणं, धरणं, लॉक करणं यांना एकच धडा. आणि सातव्या पायरीवर मुक्काम करायचा. ती सुटी काढायची. मायक्रोमीटर हातात द्यायच्या आधी पडद्यावर नुसती स्लीव्ह आणि थिंबल, मोठी करून. आकडे बाजूच्या चौकटीत लिहायचे नाहीत, थेट रेघेजवळ लिहायचे, म्हणजे डोळ्याला चित्र आणि मजकूर यांत येरझाऱ्या नकोत. जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वारंवार तपासलंय. आधी सोडवून दाखवलेली मापं, मग अर्धवट सोडवलेली, मग कोरी.

मामा : हातात हत्यार न देता वाचायला शिकवणार? काठावर बसून पोहायचे धडे.

मी : दहा मिनिटं काठावर, मग पाण्यात.

मामा : हे बघ, तुझं हे ‘सुटं काढणं’ सगळीकडं चालत नाही. लेथवर आटे पाडताना काय होतं, माहितीय? कटच्या शेवटी एका हातानं टूल मागं घ्यायचं, दुसऱ्या हातानं हाफ-नट सोडायची. दोन्ही एका क्षणात. आधी आठवडाभर टूल मागं घ्यायला शिक, मग हाफ-नट शीक, असं केलंस तर तिसऱ्या आठवड्यात दोन्ही एकत्र येणार नाहीत. तिथं काम तोडायचं नसतं. मशीन सगळ्यात कमी आरपीएमवर लावायचं आणि आख्खं काम हळू करायचं. आधी हवेत, टूल जॉबला न लावता.

मी : हे मला पाहिजेच होतं. कुठली पायरी सुटी होते आणि कुठली होत नाही हे मेंदूच्या बारा तत्त्वांत कुठंच लिहिलेलं नाही.

मामा : लिहिलेलं नसणारच. ते लेथवर उभं राहून कळतं. लिही : जिथं डोळा निवाडा करतो तिथं तोडा, जिथं दोन हातांचा मेळ आहे तिथं हळू करा.

मी : लिहिलं. आता हाताबद्दल एक सांगते. हे मात्र खरोखर मेंदूतून आलंय, कुठल्याही वर्कशॉपमध्ये सापडलं नसतं. हेन्री मोलेसन नावाचा अमेरिकन माणूस. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यात दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग गेला. त्यानंतर नवीन काही त्याच्या स्मरणात राहीना. सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक खेळ दिला. ताऱ्याच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात आरशात बघून. पहिल्या दिवशी भरपूर चुका. तिसऱ्या दिवशी हात सराईत. आणि हे मी कधी केलंय हे त्याला आठवेना.

मामा : (बराच वेळ गप्प) म्हणजे हाताची आठवण वेगळी असते.

मी : वेगळी. सांगता येणारं एका वाटेनं साठतं, करता येणारं दुसऱ्या. म्हणून तक्ता करताना प्रत्येक पायरीला विचारायला पाहिजे, ही पायरी शेवटी कुठं राहायला जाणार? सांगण्यात, नजरेत की हातात? ‘लीस्ट काउंट म्हणजे काय’ हे सांगण्यातलं. ते विचारून पक्कं होतं. रॅचेटचा दाब हातातला. त्याच्यावर लेखी प्रश्न काढून उपयोग नाही.

मामा : आता मी तुला एक देतो. चकची, म्हणजे लेथवर जॉब धरणाऱ्या जबड्याची चावी. चकला चावी लावून ठेवली आणि मशीन चालू केलं, तर चावी गोळीसारखी सुटते. आमचा नियम : चावी चकमध्ये असेल तोवर हात चावीवरून निघणार नाही. परीक्षेत सगळे हा नियम लिहितात. पण लिहिणारा सेफ नसतो. ज्याचा हात आपोआप चावी काढून जागेवर ठेवतो तोच सेफ. मी पहिले पंधरा दिवस दुसरं काही बघायचोच नाही, चावीवरचा हात बघायचो. आणि सांगतो, त्या चावीची भीतीही घालायचो. तुझ्या त्या बारा तत्त्वांत भीती वाईट आहे ना?

मी : अपमानाची भीती वाईट. “एवढंही येत नाही का?” म्हटलं की पोराचं निम्मं लक्ष मास्तरांच्या चेहऱ्याकडं जातं. चकच्या चावीची भीती वेगळी.

मामा : तत्त्वात हा फरक लिहिलाय का?

मी : तितका स्पष्ट नाही.

मामा : मग ते तत्त्व अर्धं आहे. पुढं?

मी : पुढं तुमचं टाइमटेबल. मायक्रोमीटर एका आठवड्यात उरकायचा आणि परीक्षेलाच पुन्हा भेटायचा. १९७८ मध्ये बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टाइपिंग शिकवताना ताडून बघितलं. एका गटाला रोज एक तास, दुसऱ्याला रोज दोनदा दोन-दोन तास. तेवढंच कसब यायला रोज एक तासवाल्यांना एकूण तास कमी लागले.

मामा : आणि खूश कोण होतं?

मी : चार तासवाले. एक तासवाले सगळ्यांत नाराज. त्यांना वाटायचं, आपण मागं पडतोय.

मामा : पोरांना विचारून टाइमटेबल करू नये हे मी केव्हापासून सांगतोय. पण तूही ऐक. वीस पोरांची बॅच, धड चालणारे लेथ त्याहून कमी, आणि कामाच्या नोंदी वेळेत हव्यात. विखरून सराव द्यायला मला कुणी तास विखरून देत नव्हतं.

मी : म्हणून मॉड्यूल. लेथ थांबलेला असताना मोबाइलवर तीन मापं. आज मायक्रोमीटर, दोन दिवसांनी दोन मायक्रोमीटर आणि एक व्हर्निअर, आठवड्यानं पुन्हा. मिसळलेलं. आणि वाचून दाखवायचं नाही, विचारायचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढं असतात, आठवड्यानं मात्र स्वतःची परीक्षा घेतलेले पुढं जातात.

मामा : कुठली तीन मापं देणार?

मी : कुठलीही.

मामा : झालं. इथंच तुमचा कारखाना फसतो. कुठलीही नाही. जोड्या द्यायच्या. ९.२८ आणि ९.७८ शेजारी शेजारी, म्हणजे थिंबलवर दोन्हीकडं अठ्ठावीस आणि फरक नुसत्या रेघेचा. ही सोपी जोडी. आता चोरजोडी. ९.४८ बघ. रेघ अजून उघडी झालेली नाही, पण थिंबलची कड तिला टेकत आलीय आणि ती डोकावतेय असं वाटतं. पोरगं अर्धा मिळवून ९.९८ सांगतं. त्याच्या शेजारी ९.५२ ठेव. रेघ नुकती बाहेर आलीय, जेमतेम. पोरगं ती सोडतं आणि ९.०२ म्हणतं. खुबी काय? रेघेबद्दल शंका आली तर थिंबल विचार. पन्नासच्या अलीकडं असेल तर फेरा पुरा व्हायचाय, रेघ धरू नको. शून्याच्या पुढं निघालं असेल तर धर.

मी : मामा, हे फोनवर...

मामा : सांगितलं नव्हतं. विचारलं कुठं होतंस? “पायऱ्या सांगा” म्हणालीस. “पोरं कुठं चुकतात” असं विचारलं असतंस तर तासभर बोललो असतो.

मामींनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आम्ही उठलो. बेचाळीस पानांपैकी सोळा उरली होती. मामांनी जुन्या तक्त्याच्या दोन रकान्यांना उजवीकडं तिसरा रकाना आखला. मी त्याला ‘कॉग्निटिव्ह लोड’ असं नाव द्यायला निघाले होते. त्यांनी पेन माझ्या हातून घेतलं आणि लिहिलं : “कुठं चुकतो आणि तेव्हा डोक्यात काय असतं?” सातव्या पायरीसमोर हा रकाना भरून वाहिला. पुसण्याच्या पायरीसमोर तो कोरा राहिला, म्हणून त्या पायरीचा धडाही एका ओळीचा झाला. यादीच्या सगळ्यात वर, पहिल्या पायरीच्याही आधी, एक नवी पायरी आली : “पट्टी लाव, अंदाज घे.”

आमचं एकमत झालं असं म्हणता येणार नाही. मामा अजून म्हणतात की मेंदूवाल्यांनी त्यांना त्यांचंच सांगितलं, फक्त इंग्रजीतून. मी म्हणते, तो तिसरा रकाना त्यांच्या डोळ्यांपुढं सगळी नोकरीभर होता, पण कागदावर नव्हता. कागदावर नसलेलं त्यांच्याबरोबरच निवृत्त झालं असतं. हेही कबूल करते की माणूस चार गोष्टी धरतो हे मी त्यांना सांगू शकले, पण नवख्याच्या हातून पाचवी कुठली सांडते हे त्यांनीच सांगितलं. मेंदूचं शास्त्र पायऱ्या लिहून देत नाही. नवख्याकडं कुठल्या प्रश्नानं बघायचं तेवढं ते सांगतं, आणि उत्तर लेथजवळ मिळतं.

म्हणून जे कुणाला काही शिकवायला बसले आहेत, मग तो अप्रेंटिस असो, नवी परिचारिका असो किंवा मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकणारे वडील असोत, त्यांना एकच विनंती आहे. पायऱ्या लिहायच्या आधी एका नवख्याला ते काम करू द्या आणि तोंड बंद ठेवून शेजारी बसा. जिथं तो अडेल तिथून लिहायला सुरुवात करा. क्लायंटला पाठवलेल्या स्टोरीबोर्डच्या पहिल्या पानावर आता मेंदू नाही. तिथं एक पेन आहे, त्याला लावलेली स्टीलची पट्टी आहे, आणि खाली माझी चूक आहे तशी छापली आहे : ९.२८.